हरवल्याचा खेळ

प्रिय सखे,

फोनवर तू विचारलंस, "कशी झाली पार्कची सहल?" आणि मी "मस्त" म्हणून मोकळी झाले. तशी मस्त झालीच. पण एक गोष्ट राहिली. ती सांगितली असती तर तू लगेच "अगं, होतं असं" म्हणाली असतीस आणि मला नेमकं तेच ऐकायचं नव्हतं. म्हणून हे पत्र.

यांना ऐनवेळी काम निघालं. तिकिटं काढून झालेली आणि पोरांच्या अंगात आठवडाभर आधीपासूनच वारं शिरलेलं. म्हटलं, दोन मुलं तर आहेत, नेते मी एकटी. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. लिफ्टमध्ये अडकले तरी मी आधी दहा मिनिटं गप्प उभी राहीन, कुणाला हाक मारायची नाही.

पहिला अपेक्षाभंग थोरल्याचा. मोठ्या रोलर कोस्टरच्या तोंडाशी उंची मोजायची पट्टी, १२२ सेंटिमीटरची. हा पठ्ठ्या टाचा उंचावून, केस फुगवून उभा राहिला तरी चार बोटं कमीच. ओठ थरथरायला लागले. तिथला मुलगा, असेल वीस-बावीस वर्षांचा, मागे एवढी रांग खोळंबलेली असताना त्याच्यासमोर चक्क गुडघ्यावर बसला. एक रिकामा डबा थांबला होता, त्यातला मांडीवर येणारा दांडा बोटाने दाखवत म्हणाला, "हा दांडा मांडीवर घट्ट बसला तरच माणूस जागेवर राहतो. तू अजून बारीक आहेस, खालून सुळकन निसटशील." रडू कुठल्या कुठे पळालं. दिवसभर साहेब भेटेल त्याला दांड्याचं शास्त्र ऐकवत होते. नियम मोडून आत सोडलं असतं तर मला तो मुलगा एवढा आवडला नसता.

मग गरागरा फिरणाऱ्या कपबशा. धाकटीला मी तिथे का बसवलं, विचारू नकोस. खाली उतरताच भडभडून उलटी, तिच्या फ्रॉकवर, माझ्या ओढणीवर आणि पुढच्या बाईंच्या बुटांवरही. मी "सॉरी, सॉरी" करत जादा कपड्यांची पिशवी शोधतेय, तर पिशवी गाडीत! त्या बाईंनी बुटांकडे पाहिलंसुद्धा नाही. स्वतःच्या बॅगेतून वेट वाइप्स काढले, धाकटीची हनुवटी पुसली आणि डायनासोरचा एक हिरवा टी-शर्ट माझ्या हातात कोंबला. "आमच्याला आता घट्टच होतो," म्हणाल्या. त्यांचा 'आमचा' शेजारीच उभा होता, कडेवर घेण्याएवढा. त्याला तो शर्ट ढगळच झाला असता. पुढे माझ्याकडून एक "थँक्यू" कसंबसं निघालं, तोवर रांग सरकली.

आता मुख्य गोष्ट.

दुपारी थोरला मेरी-गो-राउंडच्या घोड्यावर आणि आम्ही दोघी बाकावर. वॉल्ट डिस्ने सांगायचा, लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये त्याच्या मुली अशाच मेरी-गो-राउंडवर बसायच्या आणि हा बाकावर बसून असायचा. तिथे त्याला वाटलं, आईबापांनाही मुलांबरोबर मजा करता येईल अशी जागा हवी. १९५५ साली डिस्नेलँड उघडलं. सगळं झालं, आईबाप मात्र अजून बाकावरच आहेत! मी हे मनाशी म्हणत, हसत, थोरल्याचा फोटो काढला. एकच फोटो. वळून पाहते तर शेजारी धाकटी नाही.

सखे, त्या वेळी मला तिचं नावच आठवेना. मोठ्याने हाक मारायची तर ओठांवर थोरल्याचंच नाव येत होतं. तिने काय घातलंय तेही आठवेना. सगळीकडे गुलाबी फ्रॉकच शोधत होते, अंगात हिरवा शर्ट आहे हे डोक्यातच नाही. घोडे थांबले, थोरला उतरला, त्याला मनगटाला धरून फरफटत मी तीन बाकं, एक कारंजं, पुन्हा तीच तीन बाकं अशी धावले.

कारंज्यापलीकडे ती दिसली. एक अनोळखी आजी तिच्याजवळ जमिनीवर बसलेल्या, साडीचा काठ ओला. धाकटी येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांकडे बोट दाखवत होती, "लाल! अजून एक लाल!" आजींनी तिला लाल बूट मोजायला लावलं होतं. शेजारी त्यांचा नातू असावा, हात वर करून पार्कच्या गणवेशातल्या माणसाला बोलावत होता. आज नीट विचार केला तर कळतं, त्या बाईंनी सगळं कसं अचूक केलं. तिला उचललं नाही, दुसरीकडे नेलं नाही, जिथे सापडली तिथेच बसवून ठेवली, की आई फिरून तिथेच येईल. हातसुद्धा धरला नव्हता.

आणि मी काय केलं? झडप घालून पोरीला ओढलं आणि त्यांच्यावर ओरडले, "काय करताय तुम्ही?" त्यांचा चेहरा पडला. तरी त्या एवढंच म्हणाल्या, "सापडली ना आई? जा बाळा." गुडघ्यावर हात टेकून उठायला त्यांना वेळ लागला. मी हात द्यायला हवा होता. मी निघून आले. पाच मिनिटांनी भानावर येऊन परत गेले, तर तिथे दुसरंच कुटुंब बसलेलं. सबंध संध्याकाळ मी त्या ओल्या काठाची साडी शोधत होते.

हिरवा शर्ट धुऊन ठेवलाय, पण धाकटी तो कपाटात राहू देत नाही. रोज तो घालून तिचा नवा खेळ चालतो. ती हरवते, थोरला आजी होतो, दोघं जमिनीवर बसून बूट मोजतात आणि मी आई होऊन यायचं. काल मी आले, थोरल्यापुढे वाकले आणि म्हटलं, "आजी, तुमचे फार उपकार झाले, हात द्या, उठा."

धाकटीने खेळच थांबवला. "असं नाही," म्हणाली. "तू ओरडायचंस."

तुझीच,
मी