साखर खाल्ली की नुसती भागाकारात आली?

संपादक साहेब, नमस्कार.

पेपरात अधूनमधून बातमी येते की अमुक देशात माणशी साखर इतके किलो झाली, मग दोन दिवस सगळे साखरेच्या नावाने खडे फोडतात आणि विसरून जातात. माझं म्हणणं एवढंच की तो आकडा कसा काढला ते पण एका ओळीत छापत जा, कारण दरवेळी पद्धत वेगळी असते आणि आपण सरळ मागच्या बातमीशी तुलना करून मोकळे होतो.

बऱ्याचदा तो एफएओचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेचा ताळेबंद असतो. उत्पादन घ्या, आयात मिळवा, निर्यात वजा करा, साठ्याचा फरक बघा, खाण्याशिवाय इतर कामाला गेलेलं काढा आणि उरलं त्याला लोकसंख्येने भागा, झालं. यात कोणी किती खाल्लं हे कुठंच नाही, घरात फेकलं ते पण त्यातच, आणि तान्हं बाळ नि डायबेटिसवाले आजोबा सगळ्यांना सारखा वाटा. दुसरी पद्धत म्हणजे लोकांना विचारायचं, काल दिवसभरात काय काय खाल्लं? ऐकायला बरी वाटते पण गोडाच्या बाबतीत माणूस खरं सांगतो का हो? जड आयसोटोपवालं (म्हणजे ज्यातले हायड्रोजन-ऑक्सिजनचे अणू नेहमीपेक्षा जड असतात असं) पाणी पाजून नंतर लघवी तपासली की शरीराने किती कॅलरी जाळल्या ते कळतं, आणि त्याच्याशी ताडून बघितलं तर लोक कमीच सांगतात असं पुन्हा पुन्हा निघालंय. म्हणजे एक आकडा फुगलेला, दुसरा आकसलेला.

आणि मोजणं मधेच थांबलं की बघायलाच नको. ऑस्ट्रेलियात सरकारी सांख्यिकी खात्याने १९९८-९९ नंतर माणशी साखरेच्या आकड्यांची मालिका बंद केली, पुढे २०११ मधे एक शोधनिबंध आला की तिथे साखर कमी होतेय तरी लठ्ठपणा वाढतोय, मग जी जुंपली ती कितीतरी वर्षं चालली, मुद्दा हाच की मोजलंच नाही त्या वर्षांचे आकडे आणले कुठून.

त्यात परत साखर म्हणजे नक्की कोणती? डब्ल्यूएचओने २०१५ मधे सांगितलं की फ्री शुगर (वरून घातलेली साखर, शिवाय मध-रसातली) एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, म्हणजे रोज २००० कॅलरी घेणाऱ्याला साधारण ५० ग्रॅम. यात फळांचा रस धरतात, अख्खं फळ धरत नाहीत, दुधातली साखर पण नाही. बातमीत मात्र सगळं एकाच पोत्यात.

लोह, व्हिटॅमिनचं तर अजून वेगळंच. ते काही कोणी तुमच्या ताटातून मोजत नाही, तुम्ही जे खाल्लं म्हणता त्याला अन्नघटकांच्या टेबलातल्या (कोणत्या पदार्थात काय किती असतं त्या यादीतल्या) आकड्याने गुणतात. टेबल नवीन आलं की जेवण तेच असून देशाचं लोह कागदावर वरखाली होतं. अशी बातमी पुढच्या वेळी आली तर तेवढं टेबल कोणत्या सालचं ते विचारून घ्या.

आपला,
एक नेहमीचा वाचक