स्लॅब फोडलाय लगा, रागावू नको

प्रिय गड्या,

फोनवर सांगायचं तीनदा ठरवलं, पण तुझ्या गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) दुकानात कायम गडबड, तू आपला "हां बोल बोल" करतोस आणि लक्ष भट्टीकडं, म्हणून लिहूनच टाकतो. आपल्या दोन घरांमधल्या सामाईक आडावर तुझ्या आबांनी टाकलेला स्लॅब मी फोडला. तुला न विचारता. आधी शिव्या दे, मग पुढचं वाच.

झालं असं की आमचा बोअर जानेवारीतच कुरकुरायला लागला. आधी अर्धा तास चालायचा, मग दहा मिनिटं, मग पाइपातून नुसती फस्स फस्स हवा. त्यात माझी अक्कल बघ, आता येईल मग येईल म्हणून स्टार्टर दाबत बसलो आणि मोटर कोरडी चालून जळाली. पाइप वर ओढायला चार माणसं, वाइंडिंगचा खर्च वेगळा, आणि एवढं करून परत सोडली तर खाली ओलसुद्धा नाही. मग पाणाड्या आणला. हसू नको. गोठ्यामागं त्याच्या तळहातावर नारळ टुणकन उभा राहिला, मी डोळ्यानं बघितला. तिथंच नवा बोअर मारत ५२० फूट गेलो. शंभरच्या आसपास जरा ओला भुगा आला तर आई हळदकुंकू आणायला आत पळाली, ती बाहेर येईपर्यंत परत धूळ, आणि शेवटपर्यंत धूळच. दोरीवरचे कपडे पिठाच्या गिरणीतून काढल्यासारखे झाले. आपल्याकडं खाली सगळा काळा पाषाण, पाणी असलं तर वरच्या मुरमात नाहीतर खडकाच्या भेगेत, भेग घावली तर घावली, नाहीतर दोन हातावर शेजाऱ्याला लागतं आणि आपण कोरडे. हे शाळेपासून माहितीय मला. तरी गेलोच ना ५२० फूट.

टँकर येतोय म्हण. सरकारी हिशोब माणशी दिवसाला २० लिटर. आई म्हणती, तेवढ्यात म्हशीचं तोंड तरी भिजतंय का. आणि तो टेंभूच्या पाण्याचा विषय तर काढूच नको, कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उचलून आटपाडीपर्यंत आणलं हे खरं, आवर्तन सुटलं की तलावाखालच्या विहिरी चढतात हे पण खरं, पण आपली गल्ली चढावर. खालच्या अंगाला ऊस उभा आणि आमच्या दारात हंड्यांची लाइन. तुला आठवतं का, २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं? टीव्हीवर ती गाडी बघत होतो आपण, आणि त्याच सांगली जिल्ह्यात बसून टँकरचा हॉर्न ऐकू येतोय का म्हणून टीव्हीचा आवाज बारीक केला होता.

तर आड. आईच म्हणाली, बाहत्तरच्या दुष्काळात ह्याच आडानं गल्ली जगवली, तुम्ही त्याच्यावर स्लॅब टाकून मोटरसायकली लावल्या. मग काय, दोन पोरं घेतली, घण घातला. आधी कंदील सोडून बघितला, विझला नाही म्हटल्यावरच माणूस उतरवला. सात परस (म्हणजे सात पुरुष खोल) आड, त्यातला दीड परस नुसता गाळ. तीन दिवस घमेली ओढली, तळहात सोलले. प्लॅस्टिक, चपला, कडी तुटलेला पोहरा, आणि तिसऱ्या दिवशी तांब्या. तुझ्या आईचा! काठावर नाव कोरलेलं अजून वाचता येतंय. तोच, ज्याच्यापायी आबांनी तुला चिंचेच्या फोकानं झोडपलं होतं. आता सांगतोच, तो मी पाडला होता. मार तू खाल्लास, मी कणगीमागं लपलो होतो.

झरा तुझ्या घराच्या अंगाला आहे, मुरूम आणि खडकाच्या सांध्यातून बोटाएवढी धार. रात्रभर झिरपून पहाटेला गुडघाभर साठतं. गाळ उपसल्यावर टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून सगळं पाणी एकदा काढून टाकलं, आता प्यायला तुरटी फिरवून घेतो. सकाळी घरटी चार कळश्या, पाच घरं, आई पायरीवर बसून कोळशानं भिंतीवर रेघा मारती. म्हातारीला कोणी फसवत नाही. (एकानं पाचवी कळशी नेली, तर त्याच्या आज्यापासूनचा उद्धार झाला.)

आता खरं कामाचं. गल्लीतल्या पोरांचं म्हणणं की अर्ध्या एचपीची मोटर टाकू, ओढत बसायला वेळ कुणाला आहे. मला ते पटत नाही, रात्रभर साठलेलं मोटर दहा मिनिटात ओढणार आणि जो पहिला बटण दाबेल त्याच्याच टाकीत जाणार, बाकीचे बघत बसणार. रहाटाला निदान लाइन लागती. पण आड निम्मा तुझा, म्हणून नुसतं माझ्या मनानं नको. परत स्लॅब टाकायचा नाही एवढं मात्र मी धरूनच चाललोय, वर लोखंडी जाळी करून घेतो, पोरंबाळं आहेत. जाळीचा खर्च मी करतो, ५२० फुटापेक्षा स्वस्तच आहे.

ह्या रविवारी दुकान बंद असलं की फोन कर, आणि पोरांशी तूच बोल, माझं ऐकत नाहीत. परतीचा पाऊस पडायला अजून लई महिने आहेत. तांब्या चिंचेनं घासून ठेवलाय, काकींना फोटो दाखव, पण कुणी पाडला ते सांगू नको.

तुझाच