ऑक्टोबरमध्ये याच

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत, ‘या गुडघ्यांनी तिकडे येऊन आम्ही काय बघणार?’ त्याचं उत्तर नीट द्यायचं म्हणून लिहायला बसले.

गेल्या शनिवारी आम्ही इथे अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या गॉब्लिन व्हॅली स्टेट पार्कला जाऊन आलो. सॉल्ट लेक सिटीहून गाडीने चारेक तास. मोठा हायवे सोडल्यावर दोन्ही बाजूंना नुसतं वाळवंट. मग एका कड्यापाशी रस्ता संपतो आणि खाली अख्ख्या दरीत तांबूस दगडांची दाटी दिसते. माणसाएवढे, दोन माणसांएवढे, वर गोल जड डोकं आणि खाली बारीक मान. यांनाच गॉब्लिन, म्हणजे बुटकी भुतं, म्हणतात.

बाबा, तुम्ही आम्हाला निघोजचे रांजणखळगे दाखवले होते, तेव्हा कुकडीने बसाल्ट कसा कोरला ते समजावलं होतंत. इथला दगड वेगळा. सुमारे १७ कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्रकाठ होता, भरती-ओहोटीत वाळू आणि गाळाचे थर साचले. पुढे त्या खडकाला उभ्या-आडव्या भेगा पडल्या. भेगांपाशी कोपरे आधी झिजतात, म्हणून दगड गोल होत जातो. खालचा मऊ थर लवकर झिजतो, वरचा कठीण थर टिकतो. इथे बारमाही नदी नाही. क्वचित येणारा जोराचा पाऊस, गारठा आणि वारा, एवढ्यावरच हे काम अजून चालू आहे.

आर्थर चॅफिन नावाच्या माणसाने १९२०च्या दशकात ही दरी लांबून पाहिली आणि १९४९ मध्ये परत येऊन तिचे फोटो काढले. १९६४ मध्ये ती स्टेट पार्क झाली. दगडांमधून कुठेही फिरायची मुभा आहे, आणि मला ते फार आवडलं. पण २०१३ मध्ये काही जणांनी एक गॉब्लिन ढकलून पाडला, वर त्याचं चित्रीकरणही केलं. खटला झाला, पण तो दगड काही परत उभा राहणार नाही. वाचलं तेव्हा फार वाईट वाटलं.

आता तुमचं. पार्किंगला लागूनच छप्पर घातलेली बसायची जागा आहे. तिथून सगळी दरी समोर दिसते, चढ-उतार काही नाही. वाटलं तर थोड्या पायऱ्या उतरून खाली जाऊ, नाहीतर आईबरोबर तिथेच डबा उघडू. जवळ एक अरुंद घळ आहे, ती आपण सोडून देऊ.

रात्री मात्र थांबायचंच. २०१६ पासून या पार्कला ‘डार्क स्काय पार्क’चा, म्हणजे रात्रीचं आकाश खरोखर काळोखं असलेल्या जागेचा, दर्जा आहे. आकाशगंगा डोळ्यांनी स्वच्छ दिसते. ऑक्टोबरात अभिजित, श्रवण आणि मग पूर्वेला कृत्तिका दिसतील, तुम्ही नातवाला एकेक दाखवा. त्याला माझ्याकडून ऐकून समाधान होत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये नको, ऊन सोसवणार नाही. ऑक्टोबर उत्तम, पण आई, रात्री थंडी असते, तुझा जाड स्वेटर हवाच. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळाली की लगेच कळवा, मी तिकिटं बघून ठेवते.

तुमची लेक