गाडी बंद आहे, हे तुला कोणी सांगितलं?

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

पुढच्या आठवड्यापासून इलेक्ट्रिक गाड्यांचं काम तुझ्याकडे येणार हे वाचून आनंद झाला. बाबांनी लगेच विचारलं, "त्यात इंजिनच नसतं ना, मग ही करणार काय?" त्यांना उत्तर तू दे. माझी सगळी नोकरी पॅनेल, ब्रेकर आणि केबलच्या चाचण्यांत गेली. तुझं पान्याचं काम मला फारसं कळत नाही, पण वीज कळते. आता बॉनेटखाली तुझी गाठ तिच्याशीच आहे, म्हणून हे पत्र.

तुझ्या हातांवर मला भरवसा आहे, आणि काळजीही त्याच हातांची आहे. पेट्रोल-डिझेलची गाडी माणसाला आपण होऊन सावध करते. इंजिन चालू असलं की आवाज येतो, हादरे जाणवतात, जवळ गेलं की झळ लागते. इतक्या वर्षांत तू कानांनी आणि तळव्यांनी गाडी ओळखायला शिकलीस. इलेक्ट्रिक गाडी यातलं काहीच देत नाही. चालू असो वा बंद, ती सारखीच गप्प असते. 'रेडी'चा दिवा लागलेला असेल आणि कोणाचा पाय चुकून पेडलवर पडला, तर ती आवाज न करता पुढे सरकते. उभी करून ठेवलेली गाडीही झोपलेली असेलच असं नाही. मालकाने फोनवरून एसी लावला असेल, किंवा १२ व्होल्टची बॅटरी उतरत आली म्हणून गाडीने मोठ्या बॅटरीतून तिला चार्ज करायला घेतलं असेल. अशा वेळी आतले कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठी बॅटरी जोडणारे-तोडणारे विजेवर चालणारे स्विच, बसतात आणि मोठ्या बॅटरीच्या नारिंगी केबलांत पूर्ण व्होल्टेज येतं. रेडिएटरचा पंखासुद्धा चावी खिशात असताना फिरायला लागू शकतो, तेव्हा त्याच्या पात्यांत बोटं घालू नकोस.

किती व्होल्टेज? संयुक्त राष्ट्रांच्या आर-१०० या नियमात डीसी (बॅटरीतली, एकाच दिशेने वाहणारी वीज) ६० व्होल्टच्या वर आणि एसी (घरातली, दिशा बदलत राहणारी वीज) ३० व्होल्टच्या वर गेली की ते 'हाय व्होल्टेज' धरतात. म्हणजे आमच्या खात्यात जे अगदी किरकोळ समजायचे, ते गाडीत धोक्याच्या यादीत बसतं, आणि ते बरोबरच आहे. बहुतेक गाड्यांची बॅटरी ४०० व्होल्टच्या आसपास असते. २०१९ साली पोर्शेची टायकान ८०० व्होल्टवर आली आणि मग इतरांनीही तो रस्ता धरला. बॅटरीवर लिहिलेला आकडाही शेवटचा समजू नकोस. टोयोटाच्या दुसऱ्या पिढीच्या प्रिअसमध्ये बॅटरी साधारण २०० व्होल्टची होती, पण मोटरकडे जाताना ते ५०० व्होल्टपर्यंत चढवलं जायचं. हाताकडून हाताकडे शरीराचा रोध ढोबळमानाने १००० ओहम धर. ४०० व्होल्टला ०.४ अँपिअर होतात. हृदयाचे ठोके बिघडायला याहून बरंच कमी पुरतं.

आता मुद्द्याचं. बॉनेटखालच्या नारिंगी केबलला किंवा ती ज्या डब्यात शिरते त्या डब्याला हात लावण्याआधी गाडी मृत करायची असते, आणि त्याचा क्रम त्या त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. पाठ करून नाही, समोर उघडून वाचत करायचा. ढोबळ वाट अशी: चार्जिंगची गन काढायची. गाडी बंद करून चावी इतकी लांब ठेवायची की गाडीला तिचा पत्ता लागणार नाही. १२ व्होल्टच्या बॅटरीची निगेटिव्ह सोडवायची, म्हणजे कॉन्टॅक्टरांना ओढून धरणारा करंटच जातो. मग रबरी हातमोजे घालून सर्व्हिस प्लग, म्हणजे मोठ्या बॅटरीचं सर्किट तोडणारा प्लग, काढायचा. काही गाड्यांत असा प्लग नसतो, तिथे कमी व्होल्टेजची एक छोटी जोडणी सोडवायची असते. काढलेला प्लग बाकावर ठेवायचा नाही. तो तुझ्या खिशात किंवा तुझ्या कुलपात हवा. दुपारी कोणीतरी भला माणूस "हा इथे कशाला पडलाय" म्हणून परत बसवून टाकतो. आम्ही फीडरवर, म्हणजे सप्लाय पुढे नेणाऱ्या लाइनवर, काम करताना ब्रेकरला स्वतःचं कुलूप लावून पाटी अडकवायचो आणि चावी साहेबांनाही द्यायचो नाही. तू द्यायची नाहीस.

एवढं करूनही गाडी लगेच मृत होत नाही. बॅटरीच्या डीसीचं मोटरसाठी एसी करणाऱ्या इन्व्हर्टरमध्ये वीज साठवणारे मोठे कॅपॅसिटर असतात आणि कॉन्टॅक्टर सुटले तरी ते भरलेलेच असतात. समज, ५०० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर ४०० व्होल्टवर आहे. त्यात ४० ज्यूल साठतात. तोच ८०० व्होल्टवर असेल तर १६०, कारण व्होल्टेज दुप्पट झालं की साठा चौपट होतो. गाडीत तो रिकामा करायची सोय असते आणि बहुतेक वेळा काही सेकंदांत काम होतंही. पण ती सोयच बिघडलेली असू शकते, आणि तुझ्याकडे गाडी येते ती बिघडली म्हणूनच. म्हणून मॅन्युअलमध्ये थांबायला सांगतात, कुठे ५ मिनिटं, कुठे १०. ती घड्याळ लावून थांब. त्या वेळात चहा पी, फोन बघ, काय वाट्टेल ते कर, फक्त गाडीपासून लांब राहून.

मग मीटर. माझं ऐकायचं एकच ठरवलंस तर हे ऐक: गाडी मृत आहे हे मीटरने दाखवेपर्यंत ती जिवंतच. डॅशबोर्ड काळा झाला, सुपरवायझर म्हणाला, प्लग तू स्वतः काढलास, यातलं काहीही पुरावा नाही. कॉन्टॅक्टरचे पॉइंट कधीकधी वितळून चिकटतात. मग कॉइलचा करंट गेला तरी ते सुटत नाहीत, आणि बाहेरून काही कळत नाही.

मीटर कॅट-३ या सुरक्षेच्या दर्जाचा, १००० व्होल्टचा हवा आणि त्याच्या वायरी व पिनाही त्याच दर्जाच्या. आधी तो एखाद्या चालू सप्लायवर लावून बघ, मग गाडीवर, मग पुन्हा त्याच चालू सप्लायवर. शेवटची पायरी लोक गाळतात. गाडीवर शून्य दिसलं ते गाडी मेली म्हणून की मधल्या काळात मीटर मेला म्हणून, हे त्या पायरीशिवाय कळायला मार्ग नाही. लाल पिन अँपिअरच्या भोकात राहिलेली नाही ना, तेही बघ. तशी राहिली तर मीटर म्हणजे सरळ शॉर्ट. मोजायचं तीनदा: प्लस आणि मायनसच्या मध्ये, प्लस आणि बॉडीच्या मध्ये, मायनस आणि बॉडीच्या मध्ये. हे सगळं मोजे घालूनच. शून्य दिसेपर्यंत मोजे उतरत नाहीत.

घरच्या खणातला तो निऑनचा टेस्टर इथे घेऊन जाऊ नकोस. त्याचा दिवा तुझ्या अंगातून जमिनीकडे वाट मिळाली तर लागतो, आणि गाडीच्या मोठ्या बॅटरीला तशी वाटच ठेवलेली नसते. तारेजवळ धरताच पी-पी करणारी जी पेनं मिळतात, ती एसी ओळखतात. डीसीवर ती गप्प बसतील आणि तू निर्धास्त होशील.

ती वाट नसते म्हणजे काय, ते जरा सांगते, कारण तुमच्या धंद्यातल्या लोकांचा घोटाळा इथेच होताना मी पाहिलाय. १२ व्होल्टच्या सर्किटमध्ये बॉडी म्हणजेच मायनस, हे तुमच्या अंगवळणी पडलंय. ४०० व्होल्टच्या सर्किटला बॉडीशी काही देणंघेणं नसतं. प्लस आणि मायनस दोन्ही बॉडीपासून तोडलेले असतात, आणि ते इन्सुलेशन गाडी स्वतः सारखी मोजत असते. डीसीला निदान दर व्होल्टमागे १०० ओहम हवेत, असा तो आर-१०० सांगतो. सगळं धड असेल तर एका टोकाला स्पर्श होऊनही बहुधा फार काही होत नाही, आणि हीच गोष्ट माणसाला निगरगट्ट करते. "मी हात लावला, काही नाही झालं" म्हणणारा एकतरी भेटेलच. कुठे केबल घासली, कनेक्टरमध्ये पाणी गेलं, की एक टोक बॉडीला येऊन मिळतं. आता तू बॉनेटवर कोपर टेकवून दुसऱ्या टोकाला बोट लावलंस की सर्किट पूर्ण. डॅशबोर्डवर इन्सुलेशनचा फॉल्ट दिसत असेल तर बॉडीलाही हात लावताना विचार कर.

नारिंगी कनेक्टर चालू लोडवर ओढायचा नाही. एसीचा करंट सेकंदाला शंभरदा शून्यावरून जातो, त्यामुळे ठिणगीला विझायची संधी मिळते. डीसीला शून्यच नाही. तिथे ठिणगीचा आर्क, म्हणजे हवेतून वाहत राहणारी वीज, लांबत जातो, तांबं वितळवतो आणि तोंडावर उडतो. कनेक्टरांतून कमी व्होल्टेजची एक इंटरलॉकची तार फिरवलेली असते, कनेक्टर निघाला की ती तुटते आणि कॉन्टॅक्टर सुटतात. ती चुकलेल्याला वाचवायला आहे, स्विच म्हणून वापरायला नाही. इंटरनेटवर उघड्या हातांनी फटाफट कनेक्टर काढून दाखवणारे व्हिडिओ दिसतात. त्यांना नशिबाने साथ दिली, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

मोजे क्लास ० चे घे. ते एसी १००० आणि डीसी १५०० व्होल्टपर्यंत चालतात. क्लास ०० हा डीसी ७५० लाच संपतो, म्हणजे ८०० व्होल्टच्या गाडीला कमी. वर चामड्याचे मोजे घालायचे, कारण रबराला टाचणीएवढं भोक पडलं तरी ते मोजे संपले. रोज घालण्याआधी मनगटाकडून गुंडाळत हवा कोंडून बघ, कुठे सुस्कारा ऐकू येतो का. दर सहा महिन्यांनी त्यांची विजेवर चाचणी व्हायला हवी आणि तारीख मोज्यावर छापलेली हवी. तारीख उलटली असेल तर सरळ काम नाकार. पान्यांवर १००० व्होल्टची दुहेरी त्रिकोणाची खूण शोध. मुठीला लाल-पिवळं प्लास्टिक असलं म्हणजे पाना इन्सुलेटेड होत नाही. अंगठी, घड्याळ, साखळी, कडं घरी. ही खबरदारी १२ व्होल्टसाठीसुद्धा हवी, कारण त्या बॅटरीवर अंगठी शॉर्ट झाली तर शॉक बसणार नाही, पण अंगठी बोटातच लालबुंद होईल. कपडे सुती. पॉलिएस्टर आर्कमध्ये वितळून कातडीला चिकटतं.

बारीकसारीक बरंच आहे, त्यातलं आठवेल तसं लिहिते. एसीचा कॉम्प्रेसर आणि हीटर हेही हाय व्होल्टेजवर चालतात. कॉम्प्रेसरमध्ये कंपनीने सांगितलेलंच तेल घालायचं, नेहमीच्या गाडीचं घातलं तर इन्सुलेशन घसरतं. कूलंटचंही तेच. बॉनेटखाली प्रेशरचं पाणी मारायचं नाही. चाकं जमिनीवर ठेवून गाडी ओढायची नाही. मोटर फिरली की ती वीज तयार करते, मग बॅटरी तोडलेली असली तरी केबल जिवंत. आणि बॅटरीचा पॅक उघडणं हे वेगळं शिक्षण आहे. सर्व्हिस प्लग काढल्याने बाहेरच्या केबलांचा सप्लाय जातो, आतले सेल भरलेलेच राहतात, त्यांना बंद करायचं बटण नसतं. तुला ते शिकवलेलं नाही तोवर पॅकचं झाकण तुझ्यासाठी भिंत समज.

पॅकमधून धूर, गोड-उग्र वास, फुसफुस असं काही जाणवलं तर हत्यारं तिथेच टाकून बाहेर पड आणि फायर ब्रिगेडला बोलाव. त्या धुरात हायड्रोजन फ्लोराइड हा विषारी वायू असतो. विझलेली बॅटरी काही तासांनी, कधी काही दिवसांनीही पुन्हा पेटू शकते, म्हणून ठोकलेली गाडी शेडमध्ये घेऊ देऊ नकोस. ती उघड्यावर, इतर गाड्यांपासून आणि इमारतीपासून १५ मीटर तरी लांब असू दे.

एकटी काम करू नकोस. सोबतच्या माणसाला दोन गोष्टी माहीत हव्यात: तुला शॉक लागला तर हात धरून ओढायचं नाही, आधी सप्लाय तोडायचा, नाहीतर इन्सुलेटेड आकड्याने बाजूला घ्यायचं, आणि छाती कशी दाबायची. तो आकडा आणि एईडी (हृदयाचे ठोके सावरायला शॉक देणारं यंत्र) भिंतीवर दिसेल असा टांगलेला हवा. शॉक लागून तू उठून बसलीस, "मी ठीक आहे" म्हणालीस, तरी दवाखान्यात जाऊन ईसीजी काढायचा. ठोके नंतर बिघडू शकतात.

घाई गिऱ्हाईक करेल, सुपरवायझर करेल. "एक फ्यूजच तर बघायचाय" हे वाक्य तुला वारंवार ऐकायला मिळेल. १२ व्होल्टचा फ्यूज, वायपर, काच धुण्याचं पाणी यांसाठी एवढा सोपस्कार लागत नाही, ते तू नेहमीसारखं कर. नारिंगी रंग दिसला की मात्र घड्याळ तुझं. सुपरवायझरला राग आला तर येऊ दे.

पहिली गाडी कोणती येणार ते कळलं की मला मॉडेल आणि साल पाठव. तिचं रेस्क्यू शीट कंपनीच्या साइटवर असेल, सप्लाय कुठे तोडायचा आणि केबल कुठून गेली आहे ते त्यात दाखवतात. मी वाचून ठेवते, रविवारी फोनवर बोलू. आणि मोज्यांवरची तारीख आजच बघ.

तुझी,
आई