गाळ बसत नाही, म्हणून तरंगवतात

महोदय,

तुरटी फिरवली की गाळ तळाशी बसतो, हा आपला अनुभव. कॅनडातल्या विनिपेगमध्ये हिवाळ्यात हे गणित बिघडते. एक अंशाचे पाणी पंचवीस अंशांच्या पाण्याच्या जवळपास दुप्पट चिकट असते. त्यात गाळाचे पुंजके सावकाश जमतात आणि त्याहून सावकाश बसतात. म्हणून २००९ मध्ये सुरू झालेल्या तिथल्या जलशुद्धीकरण केंद्रात तुरटीसारखे काम करणारे फेरिक क्लोराइड घालून, सूक्ष्म हवेचे बुडबुडे सोडून गाळ वर आणतात आणि पृष्ठभागावरून काढून टाकतात. पुढे ओझोन, कार्बनचे गाळणथर, क्लोरीन, अतिनील किरण.

एवढे करूनही २०१३ मध्ये नळांना तपकिरी पाणी आले. त्या फेरिक क्लोराइडमध्येच मँगनीज होते. ते जलवाहिन्यांत साचत गेले. रसायनाचीही तपासणी लागते ती यासाठी.

दुसरी अडचण जमिनीखालची. २०१४ मध्ये दंव, म्हणजे जमीन गोठण्याची पातळी, दोन मीटरहून खोल गेले आणि घरांच्या पाण्याच्या जोडण्या गोठल्या. हवा उबदार झाली तरी दंव काही काळ खालीच सरकत राहते, त्यामुळे मार्च-एप्रिलमध्येही धोका असतोच. तिकडे शिकायला गेलेल्यांनी हे ध्यानात ठेवावे. पालिकेने सूचना दिली, तर एक नळ पेन्सिलीएवढ्या धारेने रात्रंदिवस चालू ठेवायचा; थेंब-थेंब पुरत नाही.

आणि शोल लेक या तळ्याचे हे पाणी १९१९ पासून शहराला मिळते, पण त्याच तळ्याकाठच्या ‘शोल लेक ४०’ या आदिवासी वस्तीला १९९७ ते २०२१ पाणी उकळूनच प्यावे लागले!

– एक वाचक