मळ्यातल्या बिबट्याविषयी आणि माझ्या नोकरीविषयी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही जे सांगितलेत ते मी नीट ऐकून घेतले. पण त्याचे उत्तर फोनवर देता आले नसते, म्हणून हे पत्र. आपल्या मळ्यालगतच्या उसात बिबट्याची मादी पिल्लांसह वावरते आहे, शेजारच्यांची शेळी गेली, आणि ‘तुमची मुलगी याच विषयातली डॉक्टर आहे, मग तिने वनखात्यात शब्द टाकून हे जनावर उचलायला लावायला काय हरकत आहे?’ असे लोक पारावर तुम्हाला विचारतात. मी तसा शब्द टाकणार नाही. का, ते सांगायचे तर इतकी वर्षे मी काय करते आहे तेही सांगावे लागेल.

आई, प्राणिशास्त्रात पीएच.डी. करून मी ताडोब्याला न जाता उसाच्या फडांतून का हिंडते, हे तू मला अनेकदा विचारले आहेस. मी शिकत होते तेव्हा आमच्या क्षेत्रात सर्वसाधारण समजूत अशी होती की वन्यप्राणी अभयारण्यात राहतो आणि शेतात दिसला तर तो वाट चुकलेला असतो. आपल्या देशाचा जेमतेम ५ टक्के भूभाग संरक्षित आहे. उरलेल्या ठिकाणी, म्हणजे जिथे शेते, रस्ते, कालवे आणि कारखाने आहेत तिथे कोणते प्राणी कसे जगतात, हा प्रश्न दुय्यम मानला जात असे. निधी देणाऱ्या समित्यांपुढे वाघाच्या प्रस्तावाला आजही जरा अधिकच वजन असते, असे माझे मत आहे.

ही समजूत बदलली ती आपल्याच भागातल्या कामामुळे. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात कॅमेरे लावून बिबट्यांची गणना केली. जिथे दर चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक माणसे राहतात, अशा निव्वळ शेतीच्या पट्ट्यात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ बिबटे निघाले आणि जवळपास तितकेच तरस. बिबट्यांच्या विष्ठेतील केस तपासल्यावर दिसले की खाद्याचा ८७ टक्के भाग पाळीव प्राण्यांचा होता आणि त्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा होता, शेळ्यांचा बराच कमी. हे बिबटे जंगलातून भरकटून आलेले नव्हते. धरणांचे पाणी आले, बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला, त्या उसात त्यांना बारा महिने आडोसा मिळाला आणि तिथेच त्यांच्या पिढ्या जन्मल्या.

माझे स्वतःचे काम याच पद्धतीचे आहे. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावायचे, कारण बिबट्याच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे ठिपके वेगळे असतात आणि दोन्ही बाजू मिळाल्याखेरीज एकच जनावर दोनदा मोजले जाण्याचा धोका राहतो. मग कोणते जनावर किती वेळा आणि कुठे पुन्हा दिसले, यावरून एकूण संख्येचा अंदाज बांधायचा. विष्ठा गोळा करून, धुऊन, वाळवून त्यातले केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. (आईने त्या पिशव्या अंगणाबाहेर ठेवायला लावल्या होत्या, ते योग्यच होते.)

आता जनावर उचलून नेण्याविषयी. २००१ नंतरची जुन्नरची वर्षे तुम्ही पाहिली आहेत. त्या काळी उसातून पकडलेले बिबटे घाटमाथ्याच्या जंगलांत नेऊन सोडले जात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात त्याचा हिशेब मांडला आहे: हे स्थलांतर सुरू होण्यापूर्वी जुन्नर वनविभागात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत, नंतर ती सरासरी १७ वर गेली. हल्ले सोडण्याच्या जागांच्या आसपास अधिक झाले आणि त्यांतील जीवघेण्या हल्ल्यांचे प्रमाणही वाढले. पिंजऱ्यात जखमी झालेले, बिथरलेले जनावर अनोळखी मुलखात सोडले की ते तिथे थांबतेच असे नाही, आणि इकडे रिकामी झालेली जागा दुसरा बिबट्या घेतो. टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून २००९ साली काढलेला म्हातारा नर, ज्याला ‘आजोबा’ म्हणत, तुम्हाला आठवत असेल. गळ्यात पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडले, तर तो सुमारे १२० किलोमीटर चालत थेट मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाकडे गेला. तुमच्या उसातली मादी गेली तर तिच्या जागी येणारा बिबट्या कसा असेल, हे मी काय, कोणीच सांगू शकणार नाही. ही मादी मात्र इतके दिवस तुमच्या पाणी द्यायच्या वाटेवरून माणसांना चुकवत जाते आहे.

याचा अर्थ लोकांनी निमूट सोसावे असा नाही. माणसावर हल्ला करणारा बिबट्या पकडलाच पाहिजे, आणि ज्या घरातले मूल गेले त्या घरात जाऊन सहजीवनावर बोलण्याचा अधिकार कोणा संशोधकाला आहे असे मला वाटत नाही. शेतीला वीज रात्रीची मिळते, म्हणून माणूस नेमका बिबट्याच्या वेळेला उसात एकटा उभा असतो. माझ्या मते पिंजऱ्यापेक्षा दिवसाच्या विजेसाठी ग्रामसभेचा ठराव करणे अधिक उपयोगाचे आहे.

बाबा, अशा बोलण्याला माझ्या नोकरीत काही किंमत नाही, हेही तुम्हाला ठाऊक असावे. बढतीसाठी मोजले जातात ते इंग्रजी नियतकालिकांतले निबंध, आणि ज्यांच्या शेतात हे काम झाले ते लोक हे निबंध कधी वाचत नाहीत. तीन-तीन वर्षांच्या प्रकल्पांवर दिवस काढून कायमची जागा मला उशिरा मिळाली, त्याची तुम्हाला किती काळजी होती ते मी जाणते. आता ती मिळाली आहे, तेव्हा गावात येऊन बोलायला मी मोकळी आहे.

तोवर एवढे करावे. शेळ्यांच्या गोठ्याला चारही बाजूंनी आणि वरूनही जाळी मारून घ्यावी. पैसे मी पाठवते. रात्री पाणी द्यायला दोघांनी मिळून, बोलत किंवा रेडिओ लावून जावे. उसात वाकून किंवा बसून काम करणाऱ्याच्या सोबत कोणी उभे असावे. मेलेली कोंबडी-वासरे ओढ्यात टाकू नयेत, त्यांवर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. तोडणी सुरू झाल्यावर फडात पिल्ले सापडली तर कोणी हात लावू नये, गर्दी करू नये आणि वनरक्षकाला कळवावे. त्याच जागी सुरक्षित ठेवली तर मादी बहुधा रात्रीत येऊन त्यांना घेऊन जाते, आणि पिल्ले हरवलेली मादी गावाभोवती फिरत राहणे कोणालाच परवडणारे नाही.

पिंजऱ्याच्या अर्जावर तुम्ही सही करू नये असे मी म्हणत नाही, तुम्हाला गावात राहायचे आहे. पण सरपंचांना विचारून दिवाळीनंतरच्या ग्रामसभेची तारीख मला कळवावी. मी कॅमेऱ्यातली छायाचित्रे आणि नकाशे घेऊन येईन, आणि ज्यांची शेळी गेली त्यांच्या नुकसानभरपाईचा अर्ज पंचनाम्यासह वेळेत गेला आहे का, तेही तेवढे पाहून ठेवावे.

तुमची लेक