मावशी, तुमचे आभार मानायचे राहूनच गेले

जय ख्रिस्त मावशी,

नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही, पण इंदूरच्या आपल्या मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सगळ्यांना कळेलच. समोर बोलायला गेलं की तुम्ही "चल, चहा ठेव" म्हणून विषयच बदलता, म्हणून इथे लिहितेय.

नाताळच्या आधी क्वायरमध्ये, चर्चच्या गायनसंघात, जे झालं ते आठवलं तरी कसंतरी होतं. लीडर कोण यावरून दोन गट, व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ग्रुप, अर्ध्यांनी प्रॅक्टिसला यायचं सोडलं, आणि जो तो म्हणतोय मला काही नको हो, मी फक्त देवाच्या गौरवासाठी बोलतोय. मी तरुण संघाची नवीन सेक्रेटरी, दोन्हीकडून फोन, शेवटी राजीनामा लिहून पर्समध्येच ठेवला होता. आणि तुम्ही शनिवारी दोन्ही गटांना एकाच वेळी घरी बोलावलंत! भाषण नाही, काही नाही, पोहे दिलेत, वरून शेव आणि भरपूर जीरावन मसाला, आणि सगळे खात असताना बायबलमधला मार्कच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय काढलात.

याकोब आणि योहान हे दोन शिष्य येशूला म्हणतात, तुझ्या गौरवात आम्हाला एकाला उजवीकडे, एकाला डावीकडे बसू दे. हे आपण संडे स्कूलपासून ऐकतोय आणि दरवेळी त्या दोघांनाच नावं ठेवतो. तुम्ही मात्र त्या दोघांवर चिडलेल्या बाकीच्या दहा शिष्यांपाशी थांबलात. "हे का चिडले?" कुणी बोलेना. मग तुम्हीच म्हणालात, यांनाही तीच जागा हवी असेल, त्या दोघांनी आधी मागितली एवढंच. तेव्हा कोण कोण प्लेटीत बघत होतं ते मी पाहिलंय. मग पुढे वाचायला लावलंत, यरीहोचा आंधळा बार्तीमय, त्यालाही येशू तेच विचारतो जे त्या दोघांना विचारलं होतं, मी तुझ्यासाठी काय करावं? हा म्हणतो, मला दिसू दे. आणि दिसायला लागल्यावर तो येशूच्या मागे निघाला, तेही यरुशलेमच्या वाटेने, जिथे क्रूस होता. एवढ्या वेळा वाचलंय पण या दोन गोष्टी अशा शेजारी ठेवून कुणी दाखवल्या नव्हत्या.

मला वाटतं स्वार्थी महत्त्वाकांक्षेची खरी भीती हीच आहे, की मंडळीत ती सेवेचे कपडे घालून येते, ओळखूच येत नाही. प्रेषित पौल तुरुंगातून फिलिप्पैकरांना, म्हणजे फिलिप्पै गावच्या मंडळीला, लिहितो की काही जण ख्रिस्ताची घोषणासुद्धा चढाओढीने करतायत, तुरुंगात त्याला आणखी त्रास व्हावा म्हणून. म्हणजे संदेश बरोबर आणि मन वाकडं. तरी पौल म्हणतो ख्रिस्त सांगितला जातोय ना, मग मला आनंदच आहे. त्याने काही आपला वेगळा गट नाही काढला.

मी विचारलं होतं, मग पुढे जायचंच नाही का माणसाने, मी तर पीएससीची, सरकारी नोकरीच्या परीक्षेची, तयारी करतेय, रोज भंवरकुआंला क्लासला जाते. तुम्ही जवळजवळ रागावलातच. पंडिता रमाबाईंचं सांगितलंत, कलकत्त्याच्या विद्वानांनी 1878 मध्ये पंडिता आणि सरस्वती म्हणून गौरवलेली बाई, तेवढ्या नावावर आयुष्यभर मिरवता आलं असतं, पण केडगावला मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातल्या मुली सांभाळल्या, हिब्रू-ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं आणि 1922 मध्ये देवाघरी जायच्या आधी ते पूर्ण केलं. "ही काय लहान इच्छा आहे? अभ्यास कर, पास हो, पण कुणासाठी ते रोज प्रार्थनेत विचार." मी विचारते मावशी, खरंच रोज विचारते.

त्या दिवशी लीडर काही ठरला नाही. पण मंगळवारी प्रॅक्टिसला दोन्हीकडचे आले, थोडे तुटक बोलत होते, पण आले, आणि राजीनामा मी दिला नाही. त्यासाठी मनापासून थँक्यू. तुमची गाण्यांची वही अजून माझ्याकडेच आहे, रविवारी उपासनेनंतर आणून देते.

तुमची,
तरुण संघाची सेक्रेटरी